दफेदारमामांची कडी

आमच्या घरमालकांना सगळं चामराजपुरम वेडं म्हणायचं. मीही म्हणायची. फक्त हळू आवाजात, कारण त्यांच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही बिऱ्हाड केलं होतं आणि मधली भिंत पातळ होती.

माणूस घोडदळातला. जुन्या शिलेदारांचं घराणं. पिढ्यान् पिढ्या राजाच्या चाकरीत घोड्यावर गेलेल्या. हेही दफेदार होऊन पेन्शनीत निघाले, म्हणून सगळे त्यांना दफेदारमामाच म्हणायचे. पाय असे फाकून टाकायचे की वाटावं, घोडा गेला तरी मांड काही सुटली नाही. आमचं घर रंगाऱ्याचं. माझे यजमान लाकडी ठशांनी साड्यांचे काठ छापायचे आणि मी दोऱ्या, सूत रंगवायची, त्यामुळे माझी बोटं बारा महिने कुठल्यातरी रंगाची असत. मामा मला नावानं कधी हाक मारत नसत. रंगारणी म्हणायचे. पहिल्या दिवशी राग आला, मग सवय झाली.

मामा दिसायच्या आधी ऐकू यायचे. कमरेला लगामाची जुनी लोखंडी कडी, आणि तीत काय नव्हतं? घरच्या झाडून सगळ्या किल्ल्या, आमच्या खोल्यांचीसुद्धा एक. कानकोरणं. काटा काढायचा चिमटा. सुपारीपुरता चाकू. घोड्याच्या खुरातली माती काढायची आकडी. घोडा घरी नव्हता, पण आकडी होती. मी एकदा विचारलं, मामा, आता ही कशाला? तर म्हणाले, घोडा येईल तेव्हा आकडी शोधत बसू का?

शोधणं या गोष्टीचा त्यांना मनापासून तिटकारा. एका सकाळी आमच्या यजमानांना कोयरीचा ठसा सापडेना. घरभर उलथापालथ चाललेली. मामा दारात उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "जी वस्तू शोधावी लागते ती तुझी नसते. अंगावर असते तीच आपली." यजमान म्हणाले, मामा, ठसा अंगावर कसा बांधू? त्यावर मामांनी खरंच विचार केला हो! दुसऱ्या दिवशी ठशाला भोक पाडून दोरी ओवायची युक्ती घेऊन हजर. नको नको म्हणता आमच्या नाकी नऊ आले.

घरात मामा आणि त्यांची सून, एवढी दोनच माणसं उरली होती. मामी तापाच्या साथीत गेल्या. एकुलता मुलगा मोठ्या लढाईत राजाच्या घोडेस्वारांबरोबर समुद्रापार मिसरला गेला होता, घरचा घोडा घेऊन. त्याची बातमी आली. तो आला नाही, घोडाही आला नाही. सून माझ्याहून थोडी मोठी. मी तिला इथल्या कानडी रीतीनं अक्का म्हणायची. कपाळ मोकळं झाल्यापासून ती पुढच्या दाराला यायची बंद झाली. चूल, विहीर, कोठी, एवढ्यातच तिचा दिवस जायचा.

मामी होत्या तेव्हा किल्ल्या मामींच्या छल्ल्याला असत. चांदीचा छल्ला, वर मोर, खाली घुंगुर, उजव्या कमरेला खोचलेला. त्या गेल्यावर छल्ला पेटीत गेला आणि किल्ल्या मामांच्या कडीत गेल्या. अक्काला तो कुणी दिला नाही, तिनं मागितला नाही, आणि त्यात कुणाला नवल वाटलं नाही, कारण छल्ला म्हणजे दागिना, आणि दागिना सुवासिनीचा. झालं काय, की डाळ काढायची तरी मामांना हाक मारायची. मामा पुढच्या जगलीवर, म्हणजे ओट्यावर, बसलेले असायचे. तिथून उठायचे, पाय फाकत आत यायचे, कोठी उघडायचे, ती डाळ काढेपर्यंत उभे राहायचे, कुलूप लावून परत. मग तिला आठवायचं की गूळ राहिला. ती तशीच गुळाशिवाय आमटी करायची. मी असते तर डोकं फोडून घेतलं असतं.

एक दिवस मामा कोठीपाशी आले आणि कुलपाला किल्ली लावेनात. म्हणजे लावत होते, पण भलतीच. मोठ्या पेटीची किल्ली कोठीच्या कुलपात. खरवडतायत, खरवडतायत. अक्का मागे परात घेऊन उभी होती. मी विहिरीवरून पाहत होते. शेवटी त्यांनी बोटांनी चाचपून बरोबर किल्ली काढली. मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. हे मामा कुणाला सांगणार नव्हते, आणि येलवालच्या पुतण्याला तर नाहीच नाही.

हा पुतण्या म्हणजे मामांच्या भावाचा मुलगा. येलवालला शेती. बाजारला आला की भाजीची टोपली घेऊन घरी यायचा. वाईट नव्हता, उगाच का बोलू? गोड बोलायचा, मामांच्या पाया पडायचा. पण दर खेपेला तेच. काका, आता वय झालं. किल्ल्या माझ्याकडे द्या, घर मी बघतो. वहिनींना बेट्टदपुरला त्यांच्या भावाकडे पोचवू, त्या तरी माणसांत राहतील. मामा टोपलीतलं वांगं हातात घेऊन दाबून बघायचे आणि म्हणायचे, "वांगी बरी आहेत."

अक्का सगळं आतून ऐकायची. एकदा रागी, म्हणजे नाचणी, निवडता निवडता मला म्हणाली, "भावाकडं मी उपाशी नाही गं मरायची. भाऊ चांगला आहे. पण तिथं मला काय हवं असलं तर कुणाला तरी विचारावं लागेल. इथं कुठल्या डब्यात काय आहे ते मला ठाऊक आहे." मी म्हटलं, डबे ठाऊक आहेत, पण किल्ली कुठे आहे तुझ्याकडे? तिनं सूप पुढं ओढलं आणि खडे वेचू लागली. माझी जीभच मेली अशी, आधी चालते आणि मग मला कळतं.

याच सुमाराला मामांचं कडीचं खूळ सुरू झालं. लगामाची कडी एवढी वर्षं चालली, ती एकाएकी नको झाली. ती जड आहे, गोल आहे, किल्ल्या फिरत राहतात, पाहिजे ती हाताला येत नाही. मग घंटा ओतणाऱ्याकडून पितळेची कडी आणली. ती दोन दिवस कमरेला लावली आणि काढली, कारण घामानं हिरवी झाली आणि वाजायची फार. मग तांब्याची तार पिळून केली. ती वाकून उघडली आणि न्हाणीघराची किल्ली विहिरीत. गळ टाकून ती काढण्यात सकाळ गेली. मग बेंगळूरच्या छावणीतल्या साहेबी दुकानातून दोन वेढ्यांची पोलादी कडी मागवली. ही पक्की! उघडेचना. मामांनी नख मोडून घेतलं, माझ्या यजमानांनी मोडून घेतलं. मामा म्हणाले, तोफेला चालेल, संसाराला नाही.

आणि परीक्षा काय घ्यायचे म्हणाल! कडी कमरेला खोचून विहिरीवर पाणी ओढायचे. पाटावर बसायचे, उठायचे, पुन्हा बसायचे. चुलीपुढे उकिडवे बसून फुंकणी फुंकायचे, चुलीत विस्तव नसताना. मिशीवाला दफेदार, ज्यानं उमेदीत घोडे माणसाळवले, तो जात्यावर बसून रागी दळतोय आणि मधेच कमरेला हात लावून बघतोय, असं चामराजपुरमनं कधी पाहिलं नव्हतं. शेजारपाजारचे कुंपणावरून बघायचे. अय्यो पाप, बिचारा, मुलगा गेल्यापासून डोकं फिरलं, म्हणायचे. अक्का लाजेनं मान वर करत नसे.

मग एके दिवशी त्यांनी मलाच गाठलं. मी धुणं पिळत होते. म्हणाले, "रंगारणी, तू वाकतेस तेव्हा कमरेची किल्ली कुठं टोचते?" बाई बाई बाई! बाईमाणसाला हे विचारायचं? मी पिळा तिथंच टाकला आणि तडक घरात. यजमानांना म्हटलं, आत्ताच्या आत्ता जाऊन त्या म्हाताऱ्याला विचारा, नाहीतर आपण बिऱ्हाड हलवू. यजमान बाह्या सावरत गेले. येईनात. बऱ्याच वेळानं हसत परत आले. त्यांच्याच धोतराला किल्ल्या बांधून मामांनी त्यांना पाटावर बसवलं होतं, आणि टोचतं, इथं टोचतं, हे यजमानांनी कबूल केलं होतं.

मला कळलं ते त्यानंतर. असंच दुपारी मामा कोठीच्या कुलपाशी खटपट करत होते. डोळ्यांमुळे असेल म्हणून मी कीव करत बघत होते, तर लक्षात आलं, किल्ल्या डाव्या कमरेला आहेत आणि हे कुलूप डाव्या हातानं उघडायला बघतायत. उजव्या हाताचा माणूस! जेवताना, सुपारी कातरताना, सगळं उजव्यानं. आणि कडी मात्र डावीकडे, आणि डाव्याच हातानं काढायची, लावायची, परत खोचायची. मामींचा छल्ला उजवीकडे असायचा, माझ्या किल्ल्या उजवीकडे. मी विहिरीच्या काठावर बसले आणि मोजदाद केली. त्या घरात डावरी अशी एकच होती. ती आत डाव्या हातानं भाकरी थापत होती.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. खोटं कशाला सांगू? महिनोन् महिने हा माणूस जगाचं हसं सोसत होता आणि आम्ही कुंपणावरून दात काढत होतो.

मी जाऊन म्हटलं, मामा, मला कळलं. ते म्हणाले, काय कळलं? मी म्हटलं, टोचतं ते बरगडीखाली, वाकताना, कडी गोल असली की. लांबट असली तर टोचणार नाही. त्यांनी मान हलवली. मग हळूच म्हणाले, "चकाकायला नको. नक्षी नको. वाजायला नको. कुणी बोट दाखवून दागिना म्हणेल असं काही नको. आणि काम मात्र सगळं व्हायला पाहिजे." एवढं बोलून ते जगलीवर जाऊन बसले. त्या विषयावर माझ्याशी ते एवढंच बोलले.

मग मीही त्या खुळात शिरले. म्हटलं, दोरीला कोण दागिना म्हणेल? सुताची जाड दोरी वळली, काळी रंगवली, फासाची गाठ मारून दिली. मामा ती कमरेला लावून ऐन उन्हात बाजारात गेले. परत आले तर पांढऱ्या धोतरावर कमरेपासून पोटरीपर्यंत काळे ओघळ. भर रस्त्यात लोक हसले. मामा फक्त एवढं म्हणाले, रंगाऱ्याच्या घरची दोरी, आणि रंग सुटतो? यजमान दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आमच्या धंद्याचं नाकच कापलं मी.

शेवटी मामा नालबंदाकडे गेले, जो पूर्वी त्यांच्या घोड्याला नाल ठोकायचा. त्याच्या भट्टीपाशी बसून बसून त्यांनी एक कडी करवून घेतली. लांबट, चपटी, पुरीच्या आकाराची नव्हे, तर आंब्याच्या बाठीसारखी. एका बाजूला रुंद आकडा, कमरेत खोचला की हलायचा नाही. उघडायला खाच अशी की अंगठ्यानं दाबली तरच सुटेल, आणि ती डाव्या अंगठ्याच्या सोयीची. तेलात काळी केलेली. मी माझ्या कमरेला लावून वाकून पाहिली. टोचली नाही.

आता दसरा जवळ आला होता. त्या घराण्याची एक रीत सांगायला हवी. खंडेनवमीला खांडा, चाबूक, खोगीर, घरातली सगळी कामाची हत्यारं चौरंगावर पूजेला मांडायची. आमचे ठसेसुद्धा मामा मागून घेऊन ठेवायचे. मग दशमीला घरच्या कर्त्यानं एकेक उचलून ज्याचं त्याच्या हाती द्यायचं. पूर्वी शिलेदार याच दिवशी आपल्या स्वारांना घोडे वाटायचे म्हणे. दशमीला जे ज्याच्या हातात दिलं ते त्याचं. ते परत मागत नाहीत, आणि दुसरा कुणी त्याला हात घालत नाही. भाऊबंदांत भांडणं झाली, पण ही रीत कुणी मोडली नव्हती.

पुतण्याला हे ठाऊक होतंच. तो भाऊबंदांतल्या दोघा वडीलधाऱ्यांना घेऊन आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, काका, यंदा किल्ल्या पूजेत ठेवा आणि दशमीला माझ्या हाती द्या, सगळ्यांचं हेच म्हणणं आहे. वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या. मामा म्हणाले, "बरं."

नुसतं बरं! अक्कानं आत ते ऐकलं. त्या दिवशी तिनं आपली दोन लुगडी घडी करून गाठोड्यात बांधली आणि मग चुलीपाशी जाऊन बसली. मी मामांवर तुटून पडले. म्हटलं, तुम्ही बरं कसं म्हणालात? ते म्हणाले, किल्ल्या पूजेत ठेवायच्या म्हणाले, ठेवणार. दशमीला द्यायच्या म्हणाले, देणार. याच्यापुढं एक अक्षर नाही. मला रात्री अन्न गेलं नाही.

दशमीला सकाळी सगळे पुढच्या खोलीत जमले. जंबूसवारी, म्हणजे राजाची हत्तीवरची मिरवणूक, बघायला जायचं म्हणून पुतण्यानं नवा रुमाल बांधला होता. वडीलधारे चटईवर. आम्ही ठशांसाठी एका बाजूला उभे. अक्का अर्थातच नव्हती. पूजेपुढे तिनं यायचं नाही, म्हणून ती मागे, किल्ल्या पूजेत असल्यानं उघड्याच राहिलेल्या कोठीत, सुपात तांदूळ पाखडत होती. तो आवाज पुढं ऐकू येत होता.

पहिला मान खांड्याचा. मुलगा होता तेव्हा तो दर वर्षी त्याच्या हाती जायचा. मामांनी खांड्याला हात लावला आणि तिथंच राहू दिला. खुराची आकडी किल्ल्यांतून कधीच काढून ठेवली होती, ती खांड्याशेजारी सरळ केली. मग यजमानांना ठसे दिले. मग त्या काळ्या कडीसकट सगळ्या किल्ल्या उचलल्या. पुतण्यानं ओंजळ पुढं केली.

मामा त्याच्या बाजूनं निघून गेले. एक हात भिंतीवर टेकत, पायानं उंबरा चाचपत. तेव्हा सगळ्यांना कळलं की या माणसाला दिसत नाही. पुतण्यानं दंड धरला, काका, मी इकडं आहे. मामा म्हणाले, मला ठाऊक आहे तू कुठं आहेस. आणि चालत राहिले. आम्ही सगळे मागोमाग. कोठीच्या दारात ते थांबले. आतलं पाखडणं बंद झालं.

"सूनबाई, हात पूस," मामा म्हणाले.

पुतण्याचा आवाज चढला नाही, तेवढं त्याचं श्रेय. तो म्हणाला, काका, हे बरं दिसत नाही. छल्ला सुवासिनीनं लावायचा, जगाची रीत आहे.

मामांनी किल्ल्या मागं वडीलधाऱ्यांच्या पुढं केल्या. म्हणाले, हा छल्ला आहे का बघा. थोरल्यानं कडी हातात घेतली, उलटी केली, अंगठ्यानं घासली. बोटाला काळं तेल लागलं. चांदी नाही, मोर नाही, घुंगुर नाही. त्यानं धाकट्याकडे दिली, धाकट्यानं हुंगून बघितली. थोरला म्हणाला, "याला दागिना कोण म्हणेल? बैलाच्या वेसणीला लावायचं लोखंड आहे हे." आणि बोट पुसायला फडकं शोधू लागला.

"मग खांडा तरी द्या," पुतण्या म्हणाला.

"खांडा धरणारा हात मिसरात राहिला," मामा म्हणाले. "किल्ल्या धरणारा घरात आहे."

अक्का उठली. हात पुसले होते तरी तिनं पुन्हा पदराला पुसले. किल्ल्या घेतल्या. डाव्या हातानं आकडा डाव्या कमरेला खोचला. तो सरळ बसला. ती कुणाकडे बघत नव्हती, रडतही नव्हती, उभी होती फक्त. मीच मेली हुंदके देत होते आणि यजमान मला कोपरानं ढोसत होते.

दशमीला दिलेलं परत मागत नाहीत. पुतण्या थोडा वेळ उंबऱ्यात घुटमळला, मग रुमाल सारखा करून सवारीला निघून गेला. वडीलधारेही गेले. जाताना थोरल्यानं अक्काकडे पाणी मागितलं आणि तिनं आणून दिलेलं प्याला.

घर रिकामं झाल्यावर मामा अजून कोठीच्या दारातच होते. तपकिरीची डबी कोठीतल्या वरच्या फळीवर असायची. पाणी आणायला जाताना अक्कानं, मामा लावायचे तसंच, कुलूप लावलं होतं. मामांनी हात पुढं केला आणि म्हणाले, "सूनबाई, कोठीची दे जरा."

अक्काचा हात कमरेकडे गेला. किल्लीवर थांबला. मग ती म्हणाली, "काय हवंय मामंजी? मी काढून देते."

या घरात आजवर मामांना असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांचा हात तसाच पुढं राहिला. मग त्यांनी तो हळूच मागं घेतला, मी जिथं उभी होते त्या बाजूला अंदाजानं तोंड वळवलं, आणि मुलाची बातमी आल्यापासून पहिल्यांदा हसले.

"कडी बरी निघाली, रंगारणी," ते म्हणाले.